पुलाअलीकडे नऊ, पलीकडे दहा

डेटन, ओहायो
९ मार्च २००४

प्रिय व्हर्लिन,

फेब्रुवारीभर बाहेरगावी असशील असं तू कळवलं होतंस, म्हणून थांबले. या रविवारी चार वाजता नेहमीप्रमाणे तुला फोन लावला. एक बाई म्हणाली, हा क्रमांक अस्तित्वात नाही. मी म्हटलं, अहो, एकतीस वर्षं आहे. तिनं पुन्हा तेच सांगितलं. ती टेप होती हे मला तिसऱ्या खेपेला कळलं.

सोमवारी तुझं कार्ड आलं. ‘घरचा फोन काढून टाकला. आता सगळे मोबाइल घेतात. काळजी नसावी.’ चाळीस वर्षं गुरांच्या बाजारात लिलाव पुकारणारा माणूस तू. एका दमात दोनशे शब्द बोलायचास. आणि सख्ख्या बहिणीला दहा शब्द लिहितोस?

मलाही जोनेलनं मोबाइल घेऊन दिलाय. पोरगी ऑरेगनमध्ये बसून आईची काळजी करते, म्हणजे वस्तू पाठवते. तेव्हा तुझा नवा क्रमांक लगेच कळव. वॉल्ट गेल्यापासून रविवारी चार वाजता माझ्या घरात बोलणारं दुसरं कुणी नाही हे तुला माहीत आहे.

आणि जरा मोठं अक्षर काढ. तुझं अक्षर म्हणजे साखरेला लागलेल्या मुंग्या.

तुझी,
आर्डिस

ग्रेबुल फेरी, साउथ डकोटा
१७ मार्च २००४

प्रिय आर्डिस,

पत्र मिळालं. मोबाइल घेण्याआधी नीट अभ्यास करतोय. बैल घाईनं घेऊ नये, आणि फोनही.

आमच्याकडे तीन कंपन्या आहेत. बफेलोटोन, लार्कस्पर आणि ब्ल्यू हेरन. दिवसा बोललं तर तिघीही मिनिटं मोजतात. रात्री आणि शनिवार-रविवारी बोलणं फुकट. पण रात्र कधी होते यावर तिघींचं एकमत नाही. बफेलोटोनची रात्र नऊला होते, ब्ल्यू हेरनची आठला. लार्कस्परची सातलाच होते, मात्र त्यासाठी दरमहा जादा भरावे लागतात. म्हणजे रात्र विकत घ्यायची.

आता अडचण सांगतो. मी नदीच्या पश्चिमेला राहतो. माझं घड्याळ तुझ्यापेक्षा दोन तास मागे. माझे नऊ म्हणजे तुझे अकरा, आणि तू साडेनऊला झोपतेस. शनिवार-रविवारचं म्हणशील, तर त्या दोन दिवशी अख्खा जिल्हा फुकट बोलत असतो आणि टॉवर एकच. शिवाय माझं घर खळग्यात आहे. रेंज येते ती वरच्या पाण्याच्या टाकीपाशी, तीही उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं तर. या दिवसांत उत्तरेकडून काय वारा येतो ते तू विसरली नसशील.

तेव्हा सध्या पत्रच बरं. पत्राला रेंज लागत नाही.

जानेवारीपासून मी लिलाव पुकारत नाही. आता डॅरेल पुकारतो. बरा आहे, कालवडीला बैल म्हणत नाही इतपत. मी बाजूला टेबलाशी बसून आकडे लिहितो. अक्षर बारीक आहे कारण रकाने बारीक असतात.

तुझा,
व्हर्लिन

डेटन
२६ मार्च

प्रिय व्हर्लिन,

तुझी अडचण सोडवली.

लार्कस्परच्या फुकट क्रमांकावर फोन केला. ट्वायला नावाची मुलगी होती. चाळीस मिनिटं बोललो. फार गुणी मुलगी आहे, दाताच्या डॉक्टरशी लग्न ठरलंय. तिनं सांगितलं की कंपनी वेळ धरते ती तुझ्या घरातल्या घड्याळाची नाही, फोनला ज्या टॉवरची रेंज मिळते त्याची. टॉवर जिथला, वेळ तिथली. आता तुमचा पूल घे. अलीकडे तुझी वेळ, पलीकडे पूर्वेची, एक तास पुढची. म्हणजे तू पूल ओलांडलास की एक तास आयता मिळतो. पलीकडे सात वाजले की माझ्याकडे आठ. मी जागी असते, भांडी आवरत असते.

पलीकडे ते आयोनचं हॉटेल आहेच. तिथे कॉफी घे, गाडीत बस, फोन लाव. खळगा नाही, टाकी नाही, उत्तर नाही.

क्रमांक अजून कळवला नाहीस.

आर्डिस

ग्रेबुल फेरी
५ एप्रिल

प्रिय आर्डिस,

तू सुचवल्याप्रमाणे लार्कस्परचा फोन दरमहाच्या बोलीवर घेतला आणि पूल ओलांडला. निष्कर्ष खालीलप्रमाणे.

पुलाच्या अलीकडच्या टोकाला फोन म्हणाला सहा. पलीकडच्या टोकाला म्हणाला सात. मध्यावर उभा राहिलो तर त्याचं त्यालाच ठरवता येईना. वीस मिनिटांत मला एक तास अकरा वेळा मिळाला आणि अकरा वेळा गेला. शेरीफच्या माणसानं गाडी थांबवून विचारलं, काका, पुलावर काय करताय? मी घड्याळ दाखवलं. तो गेला.

हॉटेलच्या आवारात रेंजचे चार दांडे. ट्रक आडवा आला की दोन. आयोननं भट्टी लावली की एक. अशा परिस्थितीत माणसाशी बोलायला घ्यावं आणि मधेच तुटावं हे मला पटत नाही. तुटलेल्या बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं.

आता एक विचारतो. तुझी पत्रं तू काळ्या मार्करनं का लिहितेस? एका पानावर चार ओळी, त्याही उताराला लागल्यासारख्या. ‘कुत्र्यापासून सावध’ लिहावं तशी अक्षरं. माझ्यावर चिडली असशील तर सरळ सांग. कागदावर ओरडू नकोस.

व्हर्लिन

डेटन
१४ एप्रिल

व्हर्लिन,

मी चिडलेली नाही. मार्कर हाताशी होता.

तू फोन टाळतोयस. मी काही दुधखुळी नाही. मंगळवारी मी तुमच्या बाजारात फोन केला. कुणी मुलगी होती. म्हणाली, व्हर्लिन आहे ना, इथेच बसलाय, मजेत आहे. मी म्हटलं, मग दे त्याला. ती म्हणाली, त्याला फोनवर येता येणार नाही. मी म्हटलं, येता येणार नाही की यायचं नाही? तिनं फोन ठेवला.

जोनेल म्हणते, मामानं घरात बाई आणली असेल. तसं असेल तर माझी काही हरकत नाही. सदुसष्टाव्या वर्षी तुला कुणी पत्करलं असेल तर मी तिला मानते. फक्त कधीतरी फोन तिला उचलू दे.

आणि मोठं अक्षर काढ. हे मी दुसऱ्यांदा सांगतेय.

आर्डिस

ग्रेबुल फेरी
३ मे

प्रिय आर्डिस,

बाई नाही. असती तर घर इतकं स्वच्छ नसतं.

उत्तराला उशीर झाला कारण आठ दिवस सू फॉल्सला होतो. दातांचं काम होतं. येताना सगळ्या रस्त्यानं तिन्ही कंपन्यांची रेंज दर दहा मैलांवर उतरवून घेतली. लार्कस्परचा फोन होताच, ब्ल्यू हेरनचा आयोनच्या पुतण्याकडून मागून घेतला, बफेलोटोनचा जुना पिशवीतला फोन, गाडीच्या बॅटरीवर चालणारा, माझ्या पिकअपमध्ये त्र्याण्णव सालापासून आहे. सोबत चौदा पानं जोडतोय. ती नीट वाचलीस तर तुझी खात्री पटेल की या भागात टेलिफोनवर भरवसा ठेवावा अशी स्थिती नाही. पान नऊवर ब्ल्यू हेरनबद्दल लिहिलंय ते कुणाला सांगू नकोस, पुतण्याला वाईट वाटेल.

बाकी ठीक. बाजारात काल खूप धूळ होती. गळ्याला रुमाल बांधून बसतो. डॅरेल म्हणतो, काका, आता तुम्ही सिनेमातले काउबॉय दिसता.

तुझा,
व्हर्लिन

ग्रेबुल फेरी
२० मे

प्रिय आर्डिस,

चौदा पानांचं उत्तर आलं नाही. चौदा पानांना वेळ लागतो हे मान्य. पण तू उत्तर द्यायला कधीच दहा दिवसांवर घेतले नाहीस, आणि आता सतरा झाले.

माझं काही चुकलं असेल. मार्करबद्दल लिहिलं ते लिहायला नको होतं.

मी असं ठरवलंय. शनिवारी, २९ तारखेला, पलीकडे तीन वाजता, म्हणजे तुझे चार, मी पुलाच्या पूर्वेच्या टोकाला उभा राहतो. लार्कस्परचा फोन. क्रमांक या पत्राच्या तळाशी लिहिलाय. तू फोन कर. माझ्या फोनचा बोलायचा भाग बिघडलाय, ऐकायचा चांगला आहे. तेव्हा तू बोल, मी ऐकतो. काहीही बोल. शेजारणीच्या तक्रारी केल्यास तरी चालेल.

व्हर्लिन

ग्रेबुल फेरी
३१ मे

आर्डिस,

शनिवारी तीन ते सहा उभा होतो. दांडे चार होते, ते पूर्ण वेळ चार राहिले. त्या बाबतीत कंपनीला बोल लावता येणार नाही.

फोन दोनदा वाजला. एकदा लार्कस्परचा, आमची सेवा कशी वाटते म्हणून. एकदा कुणाला तरी एर्मा हवी होती. दोघांनाही मी काही बोललो नाही.

तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर तसं लिही. मोठ्या अक्षरांत लिहिलंस तरी चालेल.

व्हर्लिन

डेटन, ओहायो
८ जून

श्री. व्हर्लिन टोस्टेन्सन यांस,

मी डोलोरेस हॅचेट. तुमच्या बहिणीच्या शेजारची. तुम्ही ज्या शेजारणीच्या तक्रारी ऐकायला तयार होतात ती मीच.

काल आर्डिसकडे पाव करायला पीठ मागायला गेले. पिठाच्या डब्यात तुमची सगळी पत्रं होती. शेवटची दोन फोडलेलीही नव्हती. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, नंतर वाचणार आहे. मी म्हटलं, आर्डिस, कशानं?

तिनं मला सांगितलंय की लिही, मला सर्दी झाली होती. टोस्टेन्सनसाहेब, मी बत्तीस वर्षं या गावात बस चालवली आणि आता रविवारी चर्चच्या दाराशी उभी असते. मला खोटं लिहिता येत नाही. तुमच्या बहिणीचे डोळे गेलेत. आंधळी नाही, पण गेल्या हिवाळ्यापासून नजरेच्या मधोमध काळा डाग आहे. कडेकडेचं दिसतं. माझं तोंड बघायचं असेल तर ती माझ्या कानाकडे बघते. गाडी चालवायचा परवाना तिनं नाताळातच परत केला. मार्करनं लिहिते कारण स्वतःचं अक्षर तेवढंच दिसतं. तुमची पत्रं ती भिंग लावून एकेक शब्द वाचायची. त्या चौदा पानांपैकी ती चार दिवसांत लार्कस्परपर्यंत पोचली, मग दुखणाऱ्या डोळ्यांवर ओला फडका ठेवून पडून राहिली. पुलावर उभं राहण्याचं पत्र तिनं उघडलंच नाही. आज मी ते वाचून दाखवलं.

आता ती सांगते तसं लिहिते:

व्हर्लिन, डोलोरेसनं काय लिहिलं मला माहीत नाही, पण ती अतिशयोक्ती करते. (मी करत नाही. डो.) मला थोडं कमी दिसतं, एवढंच. तू तीन तास उभा होतास हे ऐकलं. मला ते कळलंच नव्हतं रे. कळलं असतं तर मी सहापर्यंत बोलले असते. तुला आधी सांगितलं नाही, कारण तू गाडी काढून इथे आला असतास आणि माझ्या घरात बसून मला ढकलगाडीतल्या मुलासारखं वागवलं असतंस. म्हणून म्हटलं, फोनवर काही कळत नाही. फोनवर मी पूर्वीसारखीच आहे. पत्रं मला आता जमणार नाहीत, व्हर्लिन. मला तुझा आवाज दे. दुसरं काही नको.

(हे सांगताना ती रडली. तेही लिहू नको म्हणाली. डो.)

आपली,
डोलोरेस हॅचेट

ग्रेबुल फेरी
१५ जून

श्रीमती हॅचेट यांस,

तुमचे उपकार मानतो. पुढचा मजकूर कृपया आर्डिसला मोठ्यानं वाचून दाखवू नये. कुठून वाचायचं ते खाली सांगतो.

मला कर्करोग झाला होता, स्वरयंत्राचा. फेब्रुवारीत सू फॉल्सला ते अख्खं काढलं. डॉक्टर म्हणतात, सगळं निघालं, आता धोका नाही. गळ्यात एक भोक आहे, त्यातून श्वास घेतो. रुमाल त्यासाठी. घरचा फोन मी स्वतः काढून टाकला, कारण रविवारी चार वाजता तो वाजला असता आणि मी त्याच्याकडे नुसता बघत बसलो असतो. बाजारातल्या सगळ्यांना मीच बजावलं होतं की बहिणीला कळू देऊ नका.

मेमध्ये दातांचं म्हणून लिहिलं तेव्हा मी एक यंत्र वापरायला शिकत होतो. दाढीच्या यंत्राएवढं असतं. गळ्याला लावून ओठ हलवले की त्यातून आवाज निघतो. माणसाचा म्हणता येणार नाही. मी तो आतापर्यंत फक्त गोठ्यातल्या गुरांना ऐकवलाय. त्यांनी चरणं थांबवलं.

आर्डिसला माझा आवाज हवाय. तो नाही. हे तिला कसं सांगायचं ते मला सुचत नाही. चाळीस वर्षं बोलण्यावर पोट भरलं, तरी सुचत नाही. तुम्ही अनुभवी दिसता. काही सुचवा.

इथून मोठ्यानं वाचावं:

प्रिय आर्डिस, तुझ्या डोळ्यांचं कळलं. फार वाईट वाटलं. मी यायचं ठरवलं तर ढकलगाडी आणणार नाही. इथे हवा चांगली आहे. लार्कस्परनं आठवड्यापासून रेंज सुधारली आहे असं म्हणतात.

तुझा,
व्हर्लिन

डेटन
२२ जून

टोस्टेन्सनसाहेब,

‘मोठ्यानं वाचून दाखवू नये’ ही ओळ मी मोठ्यानं वाचली. त्यानंतर थांबायचं कसं? तिनं माझा हात धरून ठेवला होता आणि तुमची बहीण काही अशक्त बाई नाही. सगळं वाचलं. मला क्षमा करा म्हणणार होते, पण मनापासून ती मागावीशी वाटत नाही.

ऐकून झाल्यावर ती उठली, ओट्यापाशी गेली, धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली. मग म्हणाली, “फेब्रुवारीत. म्हणजे हा दवाखान्यातून येऊन पंधरा दिवस झाले नव्हते, आणि मी त्याला अक्षर मोठं काढ म्हणून झापत होते.” मग म्हणाली, “एकटा होता गं तिथे?” मी म्हटलं, पत्रात तसं लिहिलेलं नाही. ती म्हणाली, “नसणारच. एकटाच असणार.” मग हात पुसून, “त्या गाढवाला फोन लाव.”

रविवारी आम्ही तुमच्या क्रमांकावर तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा वाजला, कुणी उचलला नाही. रेंज होती, साहेब. वाजत होता म्हणजे होती.

आता ती सांगते ते:

व्हर्लिन, तू मला सांगितलं नाहीस याबद्दल मी तुझ्याशी भांडणार आहे. पण भांडण पत्रातून करायचं नाही, डोलोरेस शब्द सौम्य करते. (करते. डो.) तुझा आवाज कसा आहे याच्याशी मला काय करायचंय? मला डोळ्यांसमोर काळं दिसतं, तू कानात करवत लावलीस तरी काय फरक पडतो? वॉल्ट दिवसाला अकरा शब्द बोलायचा, त्यातले तीन ‘मीठ इकडे दे’ असायचे. कॉफी मागायला फक्त कप पुढे सरकवायचा. अशा माणसाबरोबर मी त्रेचाळीस वर्षं काढली. मला ऐकता येतं. तू उचल फक्त.

आर्डिस, हस्ते डो. हॅचेट

ग्रेबुल फेरी
५ जुलै

प्रिय आर्डिस, आणि श्रीमती हॅचेट (तुम्ही वाचणारच आहात),

त्या रविवारी फोन वाजला तेव्हा मी ऐकला. टेबलावर समोरच होता. एका हातात यंत्र होतं. उचलायला दुसरा हात मोकळा होता. तरी उचलला नाही. याला कारण नाही, म्हणून देत नाही.

मग विचार केला की, तू इतकं म्हणतेस तर निदान ज्यातून समजेल अशा फोनवरून बोलावं. लार्कस्परच्या काउंटरवरच्या माणसाला कागदावर लिहून विचारलं. तो म्हणाला, नवे फोन आवाजाचे तुकडे करतात, माणसाचे वाटतील तेवढे पाठवतात, बाकी गाळतात. म्हणजे मलाच गाळणार. जुन्या फोनला एवढी अक्कल नसते, तो येईल ते पुढे ढकलतो. यावर चाचणी घेणं भाग होतं, आणि चाचणीला दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. गुरांचा उपयोग नव्हता.

गुरुवारी दुपारी आयोनच्या हॉटेलात गेलो. गर्दी होती, डॅरेल होता, शेरीफचा तो माणूसही होता. आयोनला चिठ्ठी दिली: मी बाहेर पिकअपमध्ये बसतो, तिन्ही फोनवरून एकच वाक्य बोलतो, तुला ऐकू येईल ते ऑर्डरच्या वहीत लिही. वाक्य होतं, ‘आठ लाल कालवडी.’

निकाल:

लार्कस्पर. आयोननं लिहिलं: ‘हात लाल, काल वडी.’

ब्ल्यू हेरन. आयोननं लिहिलं: ‘कुणीतरी लाकूड कापतंय.’

बफेलोटोन, पिशवीतला जुना फोन. आयोननं लिहिलं: ‘आठ लाल कालवडी. पुढे काय?’

पुढे काय ते मी ठरवलं नव्हतं. गाडीतून उतरून आत गेलो आणि यंत्र लावून विचारलं, खरंच समजलं का? सगळं हॉटेल थांबलं. चमचे थांबले. आयोन म्हणाली, “समजलं. आणि आत आलाच आहेस तर सांग, अंडी कशी हवीत? चार महिने नुसतं बोट दाखवतोस, मी आपली अंदाजानं तळतेय.” मी म्हटलं, कडक. डॅरेल म्हणाला, “काका, आता माईकची गरज नाही तुम्हाला.” मग चमचे पुन्हा सुरू झाले. मला वाटलं होतं याहून जास्त काहीतरी होईल.

तर बफेलोटोन. तिची रात्र नऊलाच होते, पण रविवार अख्खा फुकट आहे; टॉवर भरतो, खळग्यात रेंज येत नाही असं जे मी मार्चमध्ये लिहिलं होतं ते खोटं होतं. रविवार, ११ जुलै, तुझे चार. मी करतो.

बोलणं झाल्यावर कितपत समजलं ते श्रीमती हॅचेटकडून लिहून पाठव. तक्ता अपुरा राहिलाय.

तुझा,
व्हर्लिन

डेटन
१३ जुलै

प्रिय व्हर्लिन,

तक्त्यासाठी.

पहिली दहा मिनिटं: काहीही नाही. मला वाटलं शेजारी गवत कापतायत, मी डोलोरेसला खिडकी लावायला सांगितली. (लावली. काही फरक पडला नाही. डो.) तू काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होतास आणि मी पुन्हा पुन्हा ‘काय?’ म्हणत होते. शेवटी तू ओरडलास, “आता बहिरी पण झालीस का?” ते पहिल्या झटक्यात समजलं. एकेक अक्षर.

त्यानंतर सगळं समजलं. कसं ते विचारू नकोस. तुझा आवाज नाही हे खरं. पण थांबतोस तू तिथेच, आणि ‘पण’ म्हणायच्या आधी चिडतोसही तसाच. थोड्या वेळानं मी यंत्र ऐकणं सोडून दिलं आणि तुलाच ऐकत बसले. दवाखान्यात तुझ्या उशाशी बाजारातली ती फोन ठेवणारी मुलगी येऊन बसत होती, हे सांगितलंस ते बरं केलंस. मी तिला फोन करून माफी मागणार आहे. आणि तिला काय वाटेल ते वाटो, आभारही मानणार आहे.

साडेपाचला तुटलं तेव्हा मी घाबरले होते. गाडीची बॅटरी संपली, हे सांगायला तू लार्कस्परवरून फोन केलास. त्यातलं मला फक्त ‘हात लाल’ एवढंच ऐकू आलं. मी समजून घेतलं.

ऑक्टोबरमध्ये ये म्हणालास, मी येते. जोनेल तिकीट काढेल, तिला वस्तू पाठवायला आवडतं. विमानतळावर मला ओळखता येणार नाहीस, तेव्हा लांबून हाक मार. लोक बघतील. बघू देत.

आता पत्र पाठवू नकोस. रविवारी चारला फोन कर.

आर्डिस

टोस्टेन्सनसाहेब, हे खालचं माझं, ती झोपल्यावर लिहितेय.

ती म्हणते पत्र पाठवू नका, आणि तुम्हा दोघांपुरतं ते बरोबरच आहे. पण माझे डोळे उत्तम आहेत. बारीक अक्षर चालतं. पान नऊवरचं ब्ल्यू हेरनबद्दलचं मी दोनदा वाचलं आणि पुतण्याला काही कळवलेलं नाही. ते चौदाच पानांवर का संपवलंत हे मला समजलं नाही, रस्ता तर पुढे आहे.

माझ्या पत्रपेटीत मंगळवारी किराणा दुकानाच्या जाहिरातीखेरीज काही येत नाही.

डोलोरेस हॅचेट
(घर क्रमांक ११८. आर्डिसचं ११६ आहे, पोस्टमन गोंधळ करतो, म्हणून नाव ठळक लिहावं.)